आमची खारी खरंच गाभण आहे की खोटंच? (घरात दोन्ही माद्या आहेत!)

झुंबर

मंडळी नमस्कार. पाच-सहा वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय आणि तोही सशावर, सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन ससे आहेत, खारी आणि बटर. (नावं लेकाने ठेवली, तेव्हा तो त्याशिवाय दुसरं काही खायचाच नाही.) दोघी दहा-अकरा महिन्यांच्या, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या. दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा. पुण्यात फ्लॅट आहे, मागच्या बाल्कनीला जाळी लावून ती त्यांना दिलीये आणि संध्याकाळी दोघी हॉलमध्ये मोकळ्या असतात.

तर परवापासून खारीचं काहीतरी बिनसलंय. आधी दिवसभर नुसतं उकरणं, पायपुसण्यावर, सोफ्याखाली, मी बसले तर माझ्या मांडीवर. बटर जवळ गेली की गुरगुर आणि पुढच्या पायाने फटका. काल सकाळी बघते तर तोंडात गवत आडवं धरून चाललीये, दोन्हीकडून टोकं बाहेर, जुन्या सिनेमातल्या हवालदाराच्या मिशा असाव्यात तशी. ते नेऊन बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, नाकाने दाबलं, परत आली, परत तोंड भरून नेलं, पंचवीस-तीस खेपा तरी झाल्या असतील. आणि आज दुपारी मी घाबरलेच, कारण ती मान खाली वाकवून गळ्याखालचे स्वतःचेच केस दातांनी उपटत होती, तोंडात कापसाचा बोळा झाला की खोक्यात. आत्ता गळ्याखाली आणि पोटावर गुलाबी कातडी दिसतेय. रक्त नाही आलेलं.

सासूबाई म्हणतात ही दोन दिवसांत बाळंत होणार, जुनं मऊ लुगडं काढून ठेवलंय त्यांनी. नवरा म्हणतो दोघीच आहेत तर होईल कशी. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, पिल्लं झाली तर मी घेतो परत." हे उत्तर झालं का?

खोटं गर्भारपण म्हणतात ते हेच का? खोकं काढून टाकू का? केस उपटू नयेत म्हणून कडुनिंबाचं तेल वगैरे लावलं तर चालेल का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

टवाळ

डोहाळजेवण कधी ठेवताय? आणि ओटी भरायची की बटरला जावयाचा पोशाख करायचा ते आधी नक्की करा, आहेर त्याप्रमाणे आणू.

पावशेर

पॉपकॉर्नऐवजी गाजर घेऊन बसलोय.

चौथी_गल्ली

पावशेर, गाजर सशांना रोज देत नाहीत, साखर असते बरीच. तुम्ही खा खुशाल.

झुंबर, आधी तेलाची बाटली जागेवर ठेवा. जे लावाल ते ती चाटणार. आणि कुणी सुचवायच्या आत सांगते, कुत्र्यामांजरांच्या मानेवर पिसवांसाठी टाकतात ते थेंबही अजिबात नको, त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी असतं.

नऊ वर्षं ससे आहेत माझ्याकडे (मुंबई, वन बीएचके, हसू नका). तुम्ही लिहिलंय ते अगदी पुस्तकातल्यासारखं आहे, उकरणं, चिडणं, गवताच्या मिशा, मग गळ्याखालच्या झोळीचे नि पोटाचे केस. त्या दिवसांत ते केस मुळातून सैल झालेले असतात म्हणून सहज निघतात, रक्त येत नाही, तुम्हाला वाटतं तेवढं दुखत नाही तिला. पाठीवरचे किंवा मानेमागचे केस जायला लागले, खाली कोंडा-खपल्या दिसल्या, तर ते वेगळं, ते माइट्सचं (डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक किड्यांचं) वगैरे असू शकतं.

आता एकच सांगा. कुणी कुणावर चढताना दिसलं होतं का, आणि किती दिवसांपूर्वी? सगळं उत्तर त्या तारखेत आहे.

झुंबर

तारीख?! अहो ती तारीख आमच्या घरात कुणी विसरणार नाही. नणंदेला बघायला पाहुणे आले होते. चहा-पोहे झाले, मुलाची आई विचारत होती "घरात वळण कसं आहे", आणि भर हॉलमध्ये टीपॉयखाली बटर खारीच्या पाठीवर. सासऱ्यांनी पेपर उघडून मध्ये धरला. रविवार होता, म्हणजे आज सतरा दिवस झाले.

(स्थळ जमलं नाही. सशांमुळे नाही असं आम्ही म्हणतो.)

टवाळ

=)) =)) सासऱ्यांचा पेपर! मेलो.

चौथी_गल्ली

सतरा दिवस? मग खोटंच. खरं गर्भारपण तीस ते बत्तीस दिवसांचं असतं आणि खरी मादी केस उपटते ते अगदी शेवटी, विण्याच्या काही तास किंवा फार तर एखाद-दोन दिवस आधी. खोट्यात हा सगळा सोहळा सोळा ते अठराव्या दिवशी होतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. बटरने चढायचं ते वर्चस्व दाखवायला, माद्याही चढतात एकमेकींवर, त्यात काही वावगं नाही.

खोकं काढू नका! मी पहिल्या वेळी शहाणपणा करून सगळं आवरून ठेवलं होतं. तिने रात्रभरात दुसरं घरटं केलं, त्यासाठी उरलेलं पोटही भादरलं आणि वर माझ्या उशीचा अभ्रा फाडला.

अलिबागची_आत्या

थांबा थांबा, "खोटंच" म्हणून मोकळ्या होऊ नका. दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या, एवढ्यावर? आमचंही असंच "दोन्ही माद्या" होतं. गणपतीला गावाला गेलो, शेजारणीकडे किल्ली. पाचव्या दिवशी फोन, वहिनी तुमच्या सशाच्या पिंजऱ्यात काहीतरी वळवळतंय, उंदीर शिरलेत का बघा. उंदीर कसले, सहा पिल्लं, उघडी, डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी. आम्ही कौतुकात. नर वेगळा करायचं कुणाच्या डोक्यातच नाही, कारण आम्हाला वाटलं ओली बाळंतीण आहे, आता महिना-दोन महिने काय होतंय. बरोब्बर एकतीस दिवसांनी पुन्हा सहा. विल्यावर काही तासांतच परत लागते ती! दोनाचे चौदा झाले घरात. पिल्लं वाटता वाटता नातेवाईक फोन उचलेनासे झाले.

आणि इकडे त्या दोघी रोज एकत्रच राहतायत ना? पाहुण्यांसमोर सतरा दिवसांपूर्वी झालं ते दिसलं. त्याआधी बाल्कनीत कधी झालं ते कुणी पाहिलंय?

चौथी_गल्ली

आत्या, मुद्दा एकदम मान्य. घाईच केली मी. झुंबर, आधी बटरला उताणी करून नीट बघा, किंवा डॉक्टरांकडून बघून घ्या.

गुरांचा_डॉक्टर

निवृत्त पशुवैद्य. आयुष्य गाई-म्हशींत गेलं, ससे शेवटच्या काही वर्षांत आले. थोडं सविस्तर लिहितो.

गाईला ठरलेल्या दिवसांनी माज येतो, त्या वेळी बीज सुटतं, मग वळू असो वा नसो. सशात तसं ठरलेलं चक्र नाही. तिथे आधी समागम, मग बीज. समागमाच्या उत्तेजनाने मेंदूकडून संदेश सुटतो आणि साधारण दहा-बारा तासांनी बीजं सुटतात. मांजरीतही असंच. गंमत अशी की हा संदेश सुटायला खरा नर लागतोच असं नाही. दुसरी मादी चढली, नसबंदी झालेला नर चढला, कधी माणसाने पाठीवरून कमरेपर्यंत खूप वेळ हात फिरवला, तरी पुरतं. बीजं सुटली की त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन सोडायला लागतो. हे संप्रेरक गर्भ असला काय, नसला काय, सुरुवातीला सारखंच. गर्भ नसेल तर सोळा-अठरा दिवसांनी पिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर जातं, आणि हीच उलथापालथ खऱ्या बाळंतपणाआधी होते. म्हणजे तिच्या शरीराच्या हिशेबाने आज-उद्या पिल्लं येणार आहेत. ती घरटं करणारच.

बटरबद्दल. नराचे वृषण तीनेक महिन्यांपर्यंत खाली उतरतात, पण सशाला ते परत आत ओढून घेता येतात. घाबरला की घेतोच. दुकानात पकडून उलटा केलेला ससा घाबरलेलाच असतो, त्यामुळे दुकानदार दर वेळी खोटंच बोलतो असं नाही. तिथली त्वचा अलगद मागे सारली की नराचं टोक गोल नळीसारखं दिसतं, मादीची उभी फट दिसते. घरी जमत नसेल तर करू नका, सशाने हिसका देऊन जोरात लाथा झाडल्या तर त्याचाच कणा मोडतो.

सोनोग्राफीत पहिल्या पंधरवड्यातच गर्भ दिसू शकतो, त्यामुळे आज केलीत तर शंका राहणार नाही.

लक्ष एवढ्याकडेच द्या की ती खाते का आणि लेंड्या टाकते का. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंडी नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. आचळं सुजून लाल-गरम लागली तरीही. दूध आलेलं दिसलं तर पिळू नका, पिळलं की आणखी येतं.

घाटमाथा

डॉक्टरसाहेबांनी बरोबर सांगितलंय. मी सातारकडचा, सहा वर्षं ससेपालन केलं, साठ-पासष्ट माद्या होत्या, न्यूझीलंड व्हाइट आन सोव्हिएत चिंचिला. आमच्याकडं ही खोटी भानगड म्हंजे सरळ नुकसान, अठरा दिवस खाद्य घालायचं आन हाताला काय नाही.

आमची पद्धत सांगतो. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीकडं न्यायचा नाही, ती आपल्या जागेत त्याला मारती. लावली की वहीत तारीख. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट चाचपायचं, बोटाला द्राक्षाएवढ्या गाठी लागतात, दाबल्या की सटकतात. नवीन माणूस लेंड्यांनाच पिल्लं समजतो, मीबी समजलो होतो, त्या कडक असतात आन पाठीकडच्या बाजूला. गाठी लागल्या तर सत्ताविसाव्या दिवशी पेटी ठेवायची. आन पेटी नसताना सतराव्या दिवशीच तोंडात काड्या धरून फिरायला लागली तर वहीत फुली, पुढं "खोटी". त्याच दिवशी परत नर दाखवायचा, त्या वक्ताला लगेच धरतात.

एक वर्ष जागा कमी म्हणून माद्या चार-चार एकत्र ठेवल्या. त्या वर्षी वहीत नुसत्या फुल्या. लई उशिरा कळलं की ह्याच एकमेकींवर चढत होत्या. तवापासून लावायच्या आधी अठरा दिवस प्रत्येकीला वेगळं. धंदा बंद केला राव, पण वही आजून हाय.

अवांतर_सम्राट

डॉक्टरकाकांच्या प्रतिसादावरून एक अवांतर, पण तेवढंही अवांतर नाही.

जुन्या इंग्रजी सिनेमा-मालिकांत बाई गरोदर असल्याची बातमी "ससा मेला" अशी देतात, ऐकलंय का? १९३१ मध्ये अमेरिकेत फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी गरोदरपणाची तपासणी काढली. बाईची लघवी मादी सशाला शिरेतून टोचायची, दोन दिवसांनी सशाचं पोट उघडून बीजकोश बघायचे. बाई गरोदर असेल तर तिच्या लघवीतल्या संप्रेरकाने सशाची बीजं सुटलेली असायची. आणि हे सशात का जमलं? कारण काकांनी सांगितलं तेच, कुणी चढल्याशिवाय, तसं उत्तेजन मिळाल्याशिवाय सशाच्या मादीची बीजं आपणहून सुटत नाहीत, म्हणजे एकटी ठेवलेल्या मादीत ती सुटलेली दिसली की खात्रीच. गाईम्हशीत जमलं नसतं. ससा मेला म्हणजे बाई गरोदर हा मात्र लोकांचा गैरसमज, कारण पोट फाडल्यावर ससा दोन्ही निकालांत मरायचाच.

म्हणजे ज्या खोडीमुळे खारीची फसगत झाली, त्याच खोडीवर एका काळातल्या कितीतरी बायकांची खात्री झाली.

पावशेर

सम्राट, आता मेरी टॉफ्टही येऊ द्या, तुम्हाला राहवणार नाही हे माहितीये.

अवांतर_सम्राट

आलीच :) १७२६, इंग्लंडातलं गोडाल्मिंग. मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने आपण ससे प्रसवतो असा दावा केला आणि राजाच्या पदरच्या शल्यवैद्यानेही विश्वास ठेवला. शेवटी तिने लबाडी कबूल केली, पण तोवर लंडनभर चर्चा आणि डॉक्टरांची शोभा. त्यापुढे आपली खारी फारच सरळमार्गी.

शब्दवेडी

मला एक सांगा, सशाच्या मादीला मराठीत म्हणायचं काय? ससी, सशीण, नुसतं मादी ससा? आमच्या घरी "ससुली" म्हणायचे. आणि "गाभण" चालेल का? गाय गाभण, म्हैस गाभण, पण ससा?

घाटमाथा

आम्ही गाभणच म्हणतो ताई. आन मादीला मादी. साठ जणींना ससुली म्हणत बसलो असतो तर खाद्य कवा घालू.

शब्दवेडी

=)) हे पटलं.

एक_लॅब_दोन_माणसं

कुत्र्यांतही होतं बरं का हे. आमच्या लॅब्रॅडॉरला माज येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी दूध आलं होतं आणि तिने नवऱ्याची डावी चप्पल दत्तक घेतली. चप्पल पलंगाखाली, ही तिच्याभोवती वेटोळं घालून. कुणी हात घातला की दात. नवरा दहा दिवस ऑफिसला जुने बूट घालून गेला. कुत्र्यात डॉक्टरांनी खेळणी-चप्पल सगळं नजरेआड करा सांगितलं होतं, आणि इथे सशांत घरटं काढू नका म्हणतायत, हे उलटं कसं?

गुरांचा_डॉक्टर

कुत्रीचं हे प्रकरण काही आठवडे लांबतं आणि चप्पल चाटत-कुरवाळत बसल्याने दूध वाढत जातं, म्हणून ती दूर करतात. सशाचं दोन-तीन दिवसांत आपणहून संपतं, आणि घरटं मोडलं तर ती पुन्हा केस उपटते. म्हणून उलटा सल्ला.

टवाळ

थोडक्यात काय, पिल्लं नाहीत, नर नाही, तरी मॅडमची बाळंतपणाची नाटकं चालू. आमच्या ऑफिसात अशी दोन-तीन प्रोजेक्टं आहेत.

रातराणी

टवाळ, प्रोजेक्टवर मीही हसले. फक्त "नाटकं" नको म्हणू या का. मला आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नाहीत म्हणून सांगितलं. त्यानंतरही दहा दिवस सकाळी उठून मी ओकत होते, लिंबाचं लोणचं लागत होतं. शरीराला निरोप उशिरा पोचतो. ती नाटक नाही करत.

टवाळ

चुकलं माझं. खरंच सॉरी. शब्द मागे घेतो.

रातराणी

अरे इतकं नाही. प्रोजेक्टचं राहू दे, ते चांगलं होतं.

बंड्या_बे_एरिया

मी कॅलिफोर्नियात असतो, आमच्याकडे दत्तक घेतलेली मादी आहे. इथे संस्थांकडून ससा मिळतो तो ऑपरेशन झालेलाच. हाउस रॅबिट सोसायटी १९८८ पासून हेच सांगतेय. गर्भाशय-बीजकोश काढले की खोटं गर्भारपण नाही, घरटं नाही, गुरगुर कमी. मुख्य म्हणजे ऑपरेशन न झालेल्या माद्यांत चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कॅन्सर फार, ५० ते ८० टक्के असा आकडा वाचलाय. झुंबरताई, करून टाका.

आजीचा_बटवा

बंडोपंत, कॅलिफोर्नियात बसून "करून टाका" सोपं आहे. इथे सशाला भूल देता येणारे डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. माझ्या बहिणीचा ससा नसबंदीच्या टेबलावरून उठलाच नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं तिला, कुत्र्याला सांगतात तसं. दोन दिवस केस उपटले म्हणून पोट फाडायचं? निसर्गाने दिलंय ते राहू द्या की.

चौथी_गल्ली

बटवा, बहिणीच्या सशाचं वाचून वाईट वाटलं. उपाशी ठेवायला सांगणं हीच चूक, सशाला उलटी होतच नाही, मग उपास कशाला? उलट पोट थांबलं की संपलं. म्हणून तर डॉक्टर निवडताना सरळ विचारायचं, तुम्ही आजवर किती सशिणींची ऑपरेशनं केलीत आणि आधी उपाशी ठेवता का? दुसऱ्या प्रश्नाला "हो, बारा तास" आलं की पर्स उचलायची नि निघायचं.

पण निसर्गाने दिलंय म्हणालात ते नाही पटलं. निसर्गात दर महिन्याला पिल्लं असती आणि ती वर्ष-दोन वर्षांत कोल्ह्याच्या पोटात गेली असती. पाच-सहा वर्षांची म्हातारी सशीण ही आपण घडवलेली गोष्ट आहे. माझी पहिली, मिठू, सहाव्या वर्षी लघवीतून रक्त जाऊन गेली. मी महिनाभर समजत होते की बीट खाल्लंय म्हणून लाल होतेय. (बीट-गाजराने, काही पाल्याने लघवी लाल-केशरी होते हे खरं, म्हणूनच फसले.) पोट उघडलं तेव्हा फुफ्फुसापर्यंत गेलं होतं.

आजीचा_बटवा

हे माहीत नव्हतं. तरी माझी भीती जात नाही, पण माहीत नव्हतं हे खरं.

गुरांचा_डॉक्टर

दोघींचंही खरं आहे. तो टक्केवारीचा आकडा बऱ्याच अंशी पैदाशीच्या जुन्या कळपांवरून आलेला, सगळ्या जातींना सरसकट लागू नाही. पण वय वाढलेल्या मादीत हा आजार नेहमीचा, हे निश्चित. तरुण, निरोगी सशाची भूल सरावाच्या हातात बरीच सुरक्षित, नवशिक्याच्या हातात नाही. आणि आत्ता तर करूच नका. खोट्या गर्भारपणात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला, आचळं दुधाची. चार-सहा आठवडे जाऊ द्या.

मे_महिना

मध्येच विचारतो, मे महिन्यात सशांचं काय करता? आमच्याकडे नागपूर.

चौथी_गल्ली

मे महिना, वेगळा धागा काढा हो. तोवर: गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, कानांना ओला हात. तीस अंशांपुढे त्यांना सोसत नाही, नागपुरात कूलरशिवाय विचारही नको.

झुंबर

बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

काल दोघींना घेऊन गेले. ज्यांच्याकडे ससे बघतात असे डॉक्टर शोधायला चार फोन करावे लागले, त्यातल्या एकांनी "आणा, बघू, कुत्र्यासारखंच असतं" म्हटल्यावर चौथी_गल्लींची पर्स आठवली. शेवटी मिळाल्या एक बाई. आधी बटरला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर उताणी घेतलं, दोन सेकंद बघितलं, म्हणाल्या मादी. नवऱ्याने इतक्या जोरात "हुश्श" केलं की बाहेरचा पामेरियन भुंकला. मग खारीची सोनोग्राफी. पोटाचे केस भादरावे लागतात एरवी, हिने आधीच काढून ठेवले होते, डॉक्टर म्हणाल्या पेशंट तयारीचा आहे. पडद्यावर बराच वेळ फिरवून दाखवलं, काही नाही. रिकामं. आचळांत थोडं दूध आहे, सूज नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, लुगडं घडी घालून कपाटात ठेवलं. मला वाटलं विषय संपला. रात्री पाणी प्यायला उठले तर बाल्कनीत दिवा. सासूबाई स्टुलावर बसलेल्या, खारी खोक्याशी, आणि त्या तिला कोथिंबिरीची एकेक काडी देतायत. खोक्यात तिचे केस असे काही रचलेत की मध्ये बरोबर मुठीएवढा खळगा, वर झाकायलाही केसांचं पांघरूण. मी म्हटलं आई, झोपा आता, त्यात काही नाहीये. म्हणाल्या, मला माहितीये गं, पण ती दर थोड्या वेळाने आत तोंड घालून बघतेय, एकटी कशाला बघेल.

बरं, बटरला वेगळं ठेवू का? खारी अजून तिला जवळ येऊ देत नाही.

अलिबागची_आत्या

देवा, वाचले तुम्ही. माझे चौदा आठवून अजून धडकी भरते.

चौथी_गल्ली

पूर्ण वेगळं नको, मैत्री तुटली की परत जुळवायला महिने जातात. मध्ये जाळी लावा, एकमेकींचा वास नि तोंड दिसू दे. आणि सासूबाईंना सांगा, खरी सशीणही दिवसातून एक-दोनदाच, चार-पाच मिनिटं पिल्लांपाशी येते, पाजते आणि जाते, मांजरीसारखी बसून राहत नाही. तेव्हा खारीने उद्या-परवा एकदम पाठ फिरवली तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

घाटमाथा

आमच्या वहीत पाठ फिरवायचा दिवस अठरा-एकोणीस. बघा जुळतंय का.

झुंबर

घाटमाथा, जुळलं! एकोणिसावा दिवस. सकाळी खारी उठली, घरट्यात तोंड घालून बघितलंही नाही, सरळ येऊन खोक्यातलं गवत ओढून खाल्लं. तेच गवत, जे चार दिवस कुणाला शिवू देत नव्हती. दुपारी त्याच खोक्यात लघवी करून मोकळी. जाळी काढली, बटर येऊन तिच्या पुढ्यात डोकं खाली घालून पसरली आणि खारीने तिचे कान चाटले. खोकं मी उद्या काढेन, आज नको वाटलं.

शब्दवेडी

घरट्यातल्या केसांचं काय केलंत?

झुंबर

सासूबाईंनी डबीत भरून ठेवलेत. का ते मी विचारलं नाही.

पावशेर

फोटो कुठेत? एवढ्या मोठ्या धाग्यात खारीचा एक फोटो नाही, निषेध.

झुंबर

टाकते, गळ्याखाली केस येऊ देत, आत्ता ती स्वतःच दाखवण्याच्या मनःस्थितीत नाही :) डॉक्टर म्हणाल्या महिनाभरात भरून येईल.

ऑपरेशनचं ठरलंय, दोघींचं, दीड महिन्याने, त्याच बाईंकडे. मी दोन्ही प्रश्न विचारले. दुसऱ्यावर त्या म्हणाल्या, "उपाशी? उलट तिच्या आवडीचा पाला डब्यात घालून आणा, शुद्धीवर आली की पहिलं खायला घालायचंय." बटवाताई, तुमची आठवण काढून विचारलं होतं.

आजीचा_बटवा

झालं की कळवा. मी धागा बुकमार्क केलाय.

झुंबर

ताजी बातमी: आज संध्याकाळी पुन्हा टीपॉयखाली. या वेळी खारी वर, बटर खाली. सासऱ्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि कालनिर्णयवर एकादशीच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं, "बटर. १." रोज एकेक आकडा मांडणार म्हणतायत. बुटांचं नवीन खोकं आणायला सांगितलंय.